आवाज बंद केला तो गुरुवार

वाशीमला, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका सरकारी कार्यालयात मी व्हीसी लावतो. व्हिडिओ कॉन्फरन्स हे पूर्ण नाव आमच्याकडे फक्त पत्रावर असतं. बाकी सगळे "साहेब व्हीसीत आहेत", "उद्या अकराला व्हीसी लावा" असंच बोलतात. सभागृहाच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. त्यावर दोन स्क्रीन, एक माईक आणि वायरींचा गुंता. समोर मोठा पडदा, पडद्याच्या डाव्या अंगाला कॅमेरा, आणि मधल्या खुर्चीवर साहेब. गावोगावची माणसं पडद्यावर लहान लहान चौकोनांत येऊन बसतात. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा आवाज चालू करायचा, कोणाचा बंद करायचा, हे माझं काम.

हे काम करता करता मला एक सवय लागली. चौकोनाखालचं नाव न वाचता, नुसत्या आवाजावरून मी गाव ओळखायचो. शिरपूरच्या चौकोनातून यात्रेकरूंच्या बसचे हॉर्न यायचे. जऊळक्याहून बोलणाऱ्याच्या मागे रेल्वे आली की तो स्वतःच थांबायचा, ती निघून गेली की वाक्य पुढे सुरू करायचा. कोणाच्या मागे पिठाची गिरणी, कोणाच्या मागे कोंबड्या. साहेबांच्या कपाळावर आठी पडायच्या आत मी तो आवाज बंद केलेला असायचा. "तुझ्यासारखा ऑपरेटर नाही," असं साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. घरी जाऊन मी ते बायकोला सांगितलंही होतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात दर गुरुवारी अकरा वाजता आशाताईंची व्हीसी असायची. त्या आपापल्या गावातूनच, आपल्या मोबाईलवरून यायच्या. त्यांतली एक किन्हीराजाच्या पुढच्या एका गावची होती. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिचंही नाही. वय पन्नाशीच्या आसपास, चेहरा रुंद, केस घट्ट मागे बांधलेले. तिच्या गावात रेंज फक्त बुद्धविहाराच्या ओट्यावर यायची, म्हणून ती तिथे बसायची. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची. त्यामुळे तिचा चेहरा खालून दिसायचा, आणि चेहऱ्याच्या वर विहारावरचा पंचरंगी झेंडा. उन्हाळ्याचा वारा सुटला की त्या झेंड्याची फडफड एवढ्या जोरात यायची, की सभागृहात कोणी ताडपत्री झटकतंय असं वाटावं. तिच्या गावाचा आवाज माझ्यासाठी हाच होता.

सुरुवातीला या सगळ्या ताईंना व्हीसीचं प्रशिक्षण मीच दिलं होतं, आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला. मोबाईल कसा धरायचा, लिंक कशी उघडायची, चेहऱ्यावर उजेड कसा घ्यायचा. आवाजाच्या बटणापर्यंत आलो आणि लाईट गेली. पडदा बंद, पंखे बंद. अर्धा तास वाट पाहिली, मग जेवणं झाली, बायकांच्या परतीच्या गाड्या निघायची वेळ झाली. उरलेलं ग्रुपवर पाठवतो, असं मी म्हणालो. पाठवलंही, पण इंग्रजीतलं चित्र होतं ते. माईकवर लाल रेघ आली म्हणजे आपलं बोलणं कुठेच पोचत नाही, हे त्या चित्रावरून कोणाला समजलं आणि कोणाला नाही, ते मी कधी विचारलं नाही.

तर तो गुरुवार. मालेगाव तालुक्याची पाळी आली. साहेब म्हणाले, "तालुक्यातल्या कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा." मी तालुक्यातल्या सगळ्यांचे आवाज एकदम चालू केले. ही नेहमीची पद्धत. एकदम कल्लोळ झाला. कोणाचं लेकरू रडत होतं, कोणी शेजारणीशी बोलत होतं, आणि या सगळ्यावर झेंड्याची फडफड. साहेबांनी कानावर हात ठेवला. "बंद करा, बंद करा. एकेकानं बोला म्हणावं." मी सगळ्यांचे आवाज बंद केले. स्वतःहून कोणाला चालू करता येऊ नये, ही सोय आधीच करून ठेवलेली होती. साहेबांचीच तशी सूचना होती.

आता एकेकीला चालू करायचं, एवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. दुसऱ्या एका तालुक्याच्या डॉक्टरांची लिंक तुटली होती आणि ते फोनवर बोलू पाहत होते. साहेबांनी फोन घेतला. दोन-अडीच मिनिटं ते ऐकत होते, मधूनमधून काही विचारत होते. शेवटी "ठीक आहे, उद्या सकाळी टीम पाठवतो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "मालेगावचं झालं ना? पुढचा तालुका घ्या."

मी पुढचा तालुका घेतला.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. हजेरीच्या कागदावर मी तिच्या नावासमोर "गैरहजर" लिहिलं. त्या दिवशी ती वाशीमलाच होती. आमच्या फाटकातून निघून चालत गेलं तर पाच मिनिटांवर दवाखाना आहे, तिथे ऑक्सिजनवर. हे मला नंतर कळलं. सोमवारी ग्रुपवर तिचा फोटो आला, खाली श्रद्धांजली. त्या महिन्यात असे फोटो रोजच यायचे. मीही इतरांसारखे दोन जोडलेले हात टाकले आणि कामाला लागलो. फोटो तिच्या तरुणपणचा होता. तांब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये दिसणारी बाई तीच, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

ते लक्षात आलं गुरुवारी. व्हीसी सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. उशिरा येणाऱ्यांची नावं माझ्या स्क्रीनच्या कडेला येतात, मी बटण दाबलं की ते आत येतात. तिथे तिचं नाव आलं. तिचं नाव, पुढे गावाचं नाव, आणि शेवटी "आशा". नाव तिथे थांबून राहिलं. मी बटण दाबेना. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, खिडकीतून ऊन आत येत होतं, शिपाई पाण्याचे ग्लास ठेवत होता. नाव एकदा गेलं आणि पुन्हा आलं. कोणीतरी पुन्हा लिंक उघडत होतं.

मी आत घेतलं.

आधी अंधारा चौकोन आला, मग चित्र. तोच ओटा, तोच झेंडा. मोबाईलसमोर वीस-बावीस वर्षांची मुलगी बसली होती. पांढरी ओढणी, डोळे सुजलेले. मालेगावची पाळी आली तेव्हा तिनं हात वर केला आणि वरच धरला. मी तिचा आवाज चालू केला. झेंड्याची फडफड सभागृहभर झाली, आणि माझं बोट सवयीनं बंदच्या बटणाकडे गेलं. जाता जाता थांबलं. का थांबलं ते सांगता येत नाही.

"नमस्कार सर," ती म्हणाली. "आईच्या जागी मी बसली आज. वस्तीत अजून टीम आली नाही."

साहेब कागदातून वर पाहत म्हणाले, "कुठली टीम?"

"आईनं सांगतलं होतं ना तुमाले. वस्तीत ताप आहे म्हणून. तुमी म्हटलं होतं, उद्या सकाळी टीम पाठवतो."

"मी? मला कुणी सांगितलं? कधी?"

"आईनं. अठीच बसून. दोन गुरुवार झाले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे मला काही माहीत नाही अशी. आणि मला खरंच माहीत नव्हतं. साहेबांनी तालुक्याच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे सूचना दिली, दुपारपर्यंत टीम गेली पाहिजे. मुलगी "धन्यवाद सर" म्हणाली. ओढणीनं तोंड पुसून ती चौकोनात तशीच बसून राहिली, शेवटपर्यंत.

जेवणाच्या सुटीत सभागृह रिकामं झालं. मी डबा उघडला नाही. कोण हजर होतं ते नंतर तपासता यावं म्हणून साहेबांना सगळे चौकोन दिसतील असं रेकॉर्डिंग लागायचं. दोन गुरुवार आधीचं ते मी लावलं आणि मालेगावच्या पाळीवर आलो. कल्लोळ झाला, मग मी सगळ्यांना बंद केलं ती शांतता आली. पहिल्या ओळीत साहेबांचा चौकोन, तिसऱ्या ओळीत तिचा.

ती बोलत होती.

हातात वही होती. मान ताठ करून, अधूनमधून वहीत पाहत ती बोलत होती. तिच्या माईकवर लाल रेघ होती. झेंडा हलत होता, पण त्याचाही आवाज नव्हता. आवाज येत होता तो फक्त आमच्या सभागृहाचा. मग मी साहेबांच्या चौकोनाकडे पाहिलं. कॅमेरा डावीकडे, साहेबांनी फोन धरला होता उजव्या कानाला. रेकॉर्डिंगमध्ये फोन दिसतच नव्हता. समोर पाहत, मान हलवत, लक्ष देऊन ऐकणारा एक मोठा अधिकारी दिसत होता.

"हं," साहेब म्हणत होते. ती बोलत होती. "हं. कधीपासून?" तिनं वहीत पाहिलं आणि काहीतरी सांगितलं. "किती घरं आहेत?" साहेबांनी विचारलं.

तिनं वही मांडीवर ठेवली आणि बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "लोकांना एका जागी बसवून ठेवा. उद्या सकाळी टीम पाठवतो."

ती हसली. आणखी काहीतरी थोडंसं बोलली आणि तिनं दोन्ही हात जोडले. मग माझा स्वतःचा आवाज आला, पुढच्या तालुक्याचं नाव घेणारा.

ते मी किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. दर वेळी बोटं दाखवायची वेळ आली की मी स्क्रीनवरून नजर काढायचो आणि खिडकीकडे पाहायचो. दोन दिवसांनी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं, "परत लावा" म्हणाले, पुन्हा पाहिलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते त्यांनी डायरीत लिहून घेतलं. पुढे त्यांनी काय केलं, केलं की नाही, मला माहीत नाही. हिवाळ्याच्या आधी त्यांची बदली झाली.

त्यानंतर मला कामावर बसणं अवघड जायला लागलं. व्हीसी चालू असताना मी बोलणाऱ्याकडे पाहतच नव्हतो. ज्यांचे आवाज बंद आहेत त्यांच्याकडे पाहायचो. कोणाचे ओठ हलले की मला घाम फुटायचा. मी त्यांचा आवाज चालू करायचो, आणि कळायचं की तो सुपारी चघळतोय, ती सुनेला चहा टाकायला सांगतेय. भर सभेत चहाचं बोलणं घुमायचं, सगळे हसायचे. नवे साहेब दोनदा रागावले. "तुमचं लक्ष कुठे असतं?" म्हणाले. बायको म्हणायची, "तुमी जेवताना माह्या तोंडाकडे काहून पाहून राह्यले?" पाहत असायचो खरं. टीव्हीचा आवाज तिनं बंद केला, की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

सोयाबीन निघून गेलं, शेतात नुसती तूर उभी होती, तेव्हा त्या मुलीचा फोन आला. ग्रुपवरून तिनं नंबर घेतला होता.

"दादा, व्हीसीचं रेकॉर्डिंग असते म्हणतात. आई बोलली होती ते आहे का? आमच्यापाशी आईचा बोलतानाचा एकही व्हिडिओ नाही. फोटो हायेत. आवाज नाही."

मी म्हणालो, आहे. घेऊन येतो, एवढंच म्हणालो.

रविवारी मोटारसायकलवर निघालो. मालेगाव, तिथून किन्हीराजाचा रस्ता, पुढे आत वळल्यावर कच्चा. वाटेत दोनदा थांबलो. एकदा वाटलं, परत फिरावं आणि सांगावं की रेकॉर्डिंग खराब झालं. रेकॉर्डिंग खराब होतात. कोणी काही म्हणालं नसतं.

घर दोन खोल्यांचं, अंगण सारवलेलं. आशाताईंचा नवरा दारातच बसला होता. साठीच्या पुढचा, अंगानं वाळलेला. मी कार्यालयातून आलो म्हटल्यावर तो उभा राहिला, खाटेवर चादर टाकली, मुलीला चहा ठेवायला सांगितलं. आणि मी काही बोलायच्या आधी तोच बोलायला लागला.

"लय चांगला माणूस तुमचा साहेब. तिचं पुरं ऐकून घेतलं त्यानं. घरी आली तं एवढी खूश! म्हने, आज मी दोन मिनिटं बोलली, कोणी मधात बोललं नाही. साहेबानं मान हालवून हालवून ऐकलं, म्हने. किती घरं तेही इचारलं. नाहीतर या बाईले कोन इचारते जी? पंचायतीत गेली तं दाराशी उभी ठेवत."

मी चहाचा कप हातात धरून बसलो.

"मंग दुसऱ्या दिवशी वस्तीत गेली," तो सांगत होता. वस्ती म्हणजे गावाबाहेरची, वीटभट्टीवरून परत आलेल्या मजुरांची. "सारे शाळेच्या वऱ्हांड्यात बसवले. साहेब म्हने ना, एका जागी बसवा. दिवसभर बसले. टीम आली नाही. तिसऱ्या दिवशीही बसले. लोक म्हनत, आमी जातो घरी. हे म्हने, नाही, साहेबानं सोता सांगतलं, येतील. तिले सोताले ताप. शेवटी एक म्हातारी लयच धापा टाकाले लागली, तं तिले घेऊन हेच गेली मालेगावले, मालाच्या ऑटोत. म्हातारी वाचली. अजून हाये. त्या वस्तीत आधी हिले ओट्यावर चढू देत नव्हते, सांगतो तुमाले. आता तिथली बाई आमच्या घरी भाजी आनून देते."

त्यानं डोळे पुसले. "टीम काहून नाही आली, ते साहेबाच्या हाती नसन. वरून अडलं असन काही. पन ऐकलं त्यानं."

मुलगी चुलीपासून माझ्याकडे पाहत होती. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "बाबा, मी दादाले विहार दाखवून आणते."

विहाराच्या ओट्यावर आम्ही बसलो. पडद्यावर शंभरदा पाहिलेली जागा पहिल्यांदा पुऱ्या मापाची दिसली. मला वाटायचं ओटा मोठा असेल. दोन माणसं जेमतेम बसतील एवढाच होता. मोबाईल हातात घेऊन मी म्हणालो, "ताई, यात आवाज नाही."

"म्हणजे खराब झालं?"

"नाही. आवाज आलाच नव्हता. मी बंद केला होता."

मग सगळं सांगितलं. लाल रेघ, साहेबांचा फोन, डावीकडचा कॅमेरा. प्रशिक्षणाच्या दिवशी गेलेली लाईट. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "बटन तुमी दाबलं?"

"हो."

"एकट्या आईचं?"

"नाही, सगळ्यांचं."

"पण आईचंही."

"हो."

ती उठून विहारात गेली. मला वाटलं, आता येणार नाही. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली. विहाराच्या मागच्या बाजूनं ती घरी जाऊन आली होती. हातात एक वही होती. "आईनं लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी माह्यापुढे म्हणून पाहिलं होतं. लावा."

मी लावलं. आईचे ओठ हलायला लागले आणि मुलीनं वहीतून वाचायला सुरुवात केली.

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या वस्तीत बाहेरगावी कामाला गेलेली माणसं परत आली आहेत."

ती थोडी पुढे गेली, थांबली, मागे आली. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा जुळलं. आईनं श्वास घेतला की ती श्वास घेत होती, आई वहीत पाहायची तिथे तीही थांबत होती.

"आठ दिवसांपासून ताप आणि खोकला आहे. नऊ घरी माणसं झोपून आहेत. एक बाई पोटुशी आहे. तपासायला टीम पाठवावी, ही विनंती."

बोटं दाखवायची जागा आली. या वेळी मी नजर काढली नाही. मुलीनंही वही सोडून बोटं वर केली, पाच आणि चार. तिला ते कळलंही नसावं.

"मला पण दोन दिवसांपासून ताप आहे, पण माझं काम चालू आहे," तिनं पुढचं वाचलं, आणि गप्प झाली. पडद्यावर आईचे ओठ मिटलेले होते. आईनं वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग वही बंद केली होती. मग साहेबांचं "टीम पाठवतो", मग तिचं हसणं, आणि ते थोडंसं बोलणं, जे वहीत नव्हतं.

"हे तिनं म्हटलंच नाही," मुलगी म्हणाली. "सोताचं म्हटलंच नाही."

शेवटचं बोलणं आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. तीन शब्द असतील, नाहीतर चार. मुलगी वेगवेगळं म्हणून पाहत होती. "लय उपकार झाले." जुळत नव्हतं. "मी वाट पाहते." पहिला शब्द जुळायचा, पुढचा नाही. "येतो मंग आता." तेही नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. शेवटी तिनं मोबाईल मला परत दिला आणि म्हणाली, "हे माह्या मोबाईलवर टाकून द्या. पण बाबांले नका सांगू. ते साऱ्या गावाले सांगतात, साहेबानं तिचं ऐकलं म्हणून. त्यांच्यापाशी तेवढंच आहे."

निघताना तिच्या वडलांनी मला तुरीच्या हिरव्या शेंगा बांधून दिल्या, साहेबांसाठी. साहेबांची बदली झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेंगा मी घरी नेल्या, पण खाववल्या नाहीत. शेजारी देऊन टाकल्या.

टीम उशिरा का होईना गेली होती. त्या पोटुशी बाईचं बाळंतपण नीट झालं. वस्तीतला एक म्हातारा मात्र टीम जायच्या आधीच वारला होता. टीम शुक्रवारी गेली असती तर तो राहिला असता का, आणि आशाताई राहिल्या असत्या का, हे मी एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. तुम्ही हा विचार करू नका." दुसऱ्याला विचारलं. तेही तेच म्हणाले. तिसऱ्याला मी विचारलं नाही.

पुढे ती मुलगीच गावची आशा झाली. पहिले दोन-तीन महिने ती आईच्याच नावानं व्हीसीत यायची. मोबाईल तोच होता आणि नाव बदलायचं तिला सुचलं नसावं, किंवा सुचूनही तिनं बदललं नसेल. मला ते एका क्षणात बदलता आलं असतं. मी बदललं नाही. एका गुरुवारी तिचं स्वतःचं नाव आलं. आता ती बोलते तेव्हा ठणकावून बोलते, आणि बोलायच्या आधी दर वेळी विचारते, "दादा, आवाज येऊन राह्यला का?" मी माईक चालू करून मोठ्यानं "येतोय ताई" म्हणतो. साहेब लोकांना वाटतं, ही यांची काहीतरी पद्धत असेल.

मागच्या महिन्यात कॉम्प्युटरमधली जागा भरली म्हणून जुनी रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगितलं. नुसतं निवडून पुसायचं काम होतं, तासाभराचं. मी एकेक उघडत बसलो, आणि आठवडा गेला. बोलणाऱ्यांकडे मी पाहिलंच नाही. इकडे दुसऱ्या ओळीत, तिकडे चौथ्या ओळीत, लाल रेघेच्या मागे कोणीतरी बोलत होतं. एक मास्तर हातवारे करून काहीतरी समजावत होते. एक नर्सबाई मोबाईलजवळ तोंड आणून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. एक म्हातारे ग्रामसेवक बोलता बोलता थांबले, वाट पाहिली, आणि त्यांनी कॅमेरा बंद केला. प्रत्येक ठिकाणी बटण माझंच होतं.

मी नावं कागदावर उतरवली आणि सुटीच्या दिवशी फोन लावायला सुरुवात केली. बहुतेकांना आठवत नव्हतं. कोणी हसले. "दोन वर्षं झाली भाऊ, कोणाले आठवते?" नर्सबाईंचा नंबर बंद होता. ग्रामसेवक निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले होते; त्यांना ऐकू कमी येत होतं, मी काय विचारतोय तेच त्यांना कळेना.

मास्तरांना मात्र आठवलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. शाळेच्या एका खोलीच्या छताबद्दल होतं ते, कोणती तुळई, कोणत्या भिंतीपासून. छत नंतर दुरुस्त झालं होतं, कोणाला काही झालं नव्हतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा सांगणार होते तसंच, आणि मी मध्ये काही न बोलता ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं ते थांबले आणि म्हणाले, "हॅलो? आहात ना?"

"आहे मास्तर," मी म्हणालो. "बोला."